कॅडिलॅक : प्रतीक कोणाचे?

१९५९ सालच्या कॅडिलॅक मोटारीचे छायाचित्र पाहिले की आज हसू येते. पावणेएकोणीस फुटांची लांबी, मागे दोन्ही अंगांनी माशाच्या परांसारखे उंच उभे राहिलेले पत्रे आणि त्यांत बसवलेले, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे लाल दिवे. या परांची गरज यंत्राला नव्हती. जनरल मोटर्सच्या रूपरचना विभागाचे प्रमुख हार्ली अर्ल यांना ती कल्पना लॉकहीडच्या पी-३८ या लढाऊ विमानावरून सुचली. १९४८च्या कॅडिलॅकवर ते पर प्रथम, आणि तेही बेताचेच, दिसले. पुढच्या अकरा वर्षांत ते वाढत गेले.

अशा वस्तूचा निवाडा करणे समीक्षेला सोपे जाते. भोगवाद, दिखाऊपणा, पैशाचा माज असे शब्द तयारच असतात. त्या काळच्या अमेरिकन विचारवंतांनीही हाच निवाडा केला. व्हॅन्स पॅकार्ड यांचे 'द स्टेटस सीकर्स' हे पुस्तक १९५९चेच. रॉबर्ट लोवेल यांच्या 'फॉर द युनियन डेड' या विख्यात कवितेच्या अखेरीस बॉस्टन शहरभर पर असलेल्या मोटारी माशांसारख्या सरकत जातात. त्यांच्यासोबत सरकते ती एका समाजाची लाचारी. कविता ज्या स्मारकाभोवती उभी आहे ते यादवी युद्धातील एका कृष्णवर्णीय पलटणीचे आणि तिच्या गोऱ्या सेनानीचे आहे. कृष्णवर्णीयांविषयी कवीची सहानुभूती निःसंशय आहे. तरीही माझ्या वाचनाप्रमाणे त्या मोटारींपैकी एखादी कोणी कृष्णवर्णीय माणूस चालवत असेल, तर तिचा अर्थ काय, हा प्रश्न कवितेत उद्भवत नाही.

तो प्रश्न दुसरीकडे विचारला गेला होता. 'एबनी' या कृष्णवर्णीयांच्या मासिकाने १९४९मध्ये, आपली माणसे कॅडिलॅक का घेतात, या विषयावर संपादकीय लिहिले. ही मोटार म्हणजे आपण कोणाहूनही कमी नाही याची खूण आहे, असा त्याचा आशय होता. हा युक्तिवाद परिस्थितीतून आला होता. हातात पैसा असूनही चांगल्या वस्तीत घर मिळत नव्हते. लेव्हिटाउनसारखी नवी उपनगरे कृष्णवर्णीयांना बंद होती. प्रवासात कोणते हॉटेल आपल्याला आत घेईल हे कळावे म्हणून व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांची 'ग्रीन बुक' ही मार्गदर्शिका १९३६पासून निघत होती. घर विकत घेता येत नाही, मोटार मात्र येते, अशा जगात मोटारीवर केलेला खर्च उधळपट्टीच्या खात्यात टाकता येत नाही.

पण म्हणून 'एबनी'चे म्हणणे शेवटचे ठरते का? राल्फ एलिसन यांची 'कॅडिलॅक फ्लांबे' ही १९७३ साली प्रसिद्ध झालेली कथा इथे वाचायला हवी. मिनिफीज हा कृष्णवर्णीय जॅझ वादक. त्याची पांढरी कॅडिलॅक त्याच्या कष्टाची कमाई आहे. एक गोरा सेनेटर भाषणात म्हणतो की ही मोटार इतके कृष्णवर्णीय वापरू लागले आहेत की तिला आता त्यांच्यावरूनच नाव द्यावे; आणि तो जे नाव सुचवतो ते एका शिवीपासून बनवलेले असते. मिनिफीज हे रेडिओवर ऐकतो, मोटार थेट सेनेटरच्या हिरवळीवर आणतो आणि सर्वांदेखत तिला आग लावतो. बघणाऱ्यांना तो वेडा वाटतो. त्याला मात्र नेमके कळलेले असते : बाजारातून विकत घेतलेली प्रतिष्ठा एका शिवीने परत घेता येते. मोटार तीच राहते. तिचा अर्थ ठरवण्याची सत्ता मात्र कधीच त्याच्या हाती आलेली नसते.

लोवेल यांचा संताप आणि मिनिफीजची आग या दोन्ही गोष्टी त्याच मोटारसंस्कृतीविरुद्ध आहेत. पण त्या एक नव्हेत. ज्याला ती मोटार कधीच नाकारली गेली नव्हती, त्याने तिला तुच्छ लेखणे वेगळे. ज्याने ती मिळवली, त्याने ती जाळणे वेगळे. पहिल्याच्या तुच्छतेला काही किंमत मोजावी लागत नाही.

मराठी वाचकाला हा भेद परका वाटू नये. १९७२मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले, आणि या दोन साहित्यांची तुलना आपल्याकडे अनेकदा झाली आहे. परंतु ती बहुधा वेदना आणि विद्रोह यांच्यापाशी थांबते. चांगला कपडा, चांगले घर, चांगली गाडी यांची इच्छा आली की आपली समीक्षा अवघडते, आणि 'मध्यमवर्गीय होणे' असा शेरा मारून मोकळी होते. डॉ. आंबेडकरांच्या सुटाबुटाचा अर्थ पाश्चात्त्य पोशाखाच्या इतिहासात सापडणार नाही. तो कोणी घातला आणि कोणासमोर घातला, यात सापडेल.

प्रतीक वस्तूच्या पोटात दडलेले असते आणि समीक्षकाने ते फक्त बाहेर काढायचे, ही समजूत आपल्या वर्गांतून अजून गेलेली नाही. 'कॅडिलॅक हे भोगवादाचे प्रतीक आहे' असे एखाद्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिले तर ते चूक म्हणता येणार नाही. पण शिक्षकाने समासात एवढे जरूर विचारावे : गाडी कोण चालवत होते?