आईने ठेवलेले नाव

मैत्रिणींनो, मिरजेहून एका आजीबाईंचं पत्र आलंय. त्यांची लेक मिलानला असते. चौदा वर्षांच्या नातवाच्या वर्गात म्हणे तीन फ्रान्चेस्को आहेत. “हे नाव आहे तरी काय, आणि एवढ्या आयांना तेच कसं सुचलं?” असं त्यांनी विचारलंय.

आजी, तुमचा नातू जन्मला त्या सुमाराला इटलीत मुलग्यांसाठी सर्वांत जास्त ठेवलं जाणारं नाव हेच होतं. या शतकात कित्येक वर्षं ते सलग पहिल्या नंबरावर राहिलं. २०१८ साली लिओनार्दोने त्याला मागे टाकलं. आपल्याकडेही एका पिढीत एका वर्गात चार-चार सचिन असायचेच की!

पण गंमत अशी, की ज्या माणसामुळे हे नाव घरोघरी गेलं, त्याच्या आईने ते ठेवलेलंच नव्हतं. मध्य इटलीत असिसी म्हणून डोंगरउतारावरचं गाव आहे. तिथे ११८१-८२ च्या सुमारास पिएत्रो दि बेर्नार्दोने नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याला मुलगा झाला. पिएत्रो तेव्हा मालाच्या खरेदीसाठी फ्रान्सला गेलेला. आईने बाळाचं नाव जोव्हान्नी ठेवलं, बाप्तिस्माही उरकला. वडील परतले आणि त्यांनी सांगून टाकलं, याला फ्रान्चेस्को म्हणायचं. अर्थ काय, तर ‘फ्रान्सवाला’! फ्रान्सच्या ओढीने म्हणा किंवा धंदा चांगला झाला म्हणून म्हणा. नाव अगदीच नवं नव्हतं, पण तेव्हा क्वचितच ऐकू यायचं. आपल्याकडे कुणी सुरतेहून माल घेऊन यावं आणि पाळण्यातल्या पोराला ‘सुरती’ म्हणावं, तसलाच प्रकार.

त्या माउलीला काय वाटलं असेल, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. मी मात्र तिथेच अडकले. माझ्या लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं, तेव्हा माझी आई शेजारीच उभी होती. हसत होती. तिने हौसेने ठेवलेलं नाव त्या दिवसापासून फक्त माहेरच्या हाकेत उरलं.

असो. पोरगा मोठा झाला, खूप उधळपट्टी केली, लढाईत कैद झाला आणि मग त्याचं मन पालटलं. दुकानातलं कापड विकून पैसे पडक्या देवळाच्या दुरुस्तीला द्यायला निघाला. बापाने बिशपपुढे फिर्याद नेली. १२०६ च्या सुमारास भर लोकांत त्याने पैसे तर परत केलेच, अंगावरचे कपडेही उतरवून बापापुढे ठेवले. बापाचं सगळं परत दिलं, नाव तेवढं राहिलं! १२२६ साली तो वारला, दोनच वर्षांत त्याला संतपद मिळालं, आणि गावोगावच्या आया मुलांना फ्रान्चेस्को म्हणू लागल्या. कवी पेत्रार्क १३०४ सालचा, तोही फ्रान्चेस्कोच. १९३९ मध्ये संत फ्रान्चेस्को इटलीचे पालक संत ठरले. त्यांचा सण ४ ऑक्टोबरला. त्या दिवशी या नावाच्या मंडळींना वाढदिवसासारख्या शुभेच्छा देतात.

देशोदेशी त्याची रूपं झाली: फ्रान्सिस, फ्रान्सिस्को, फ्रान्झ. गोव्यातले फ्रान्सिस बहुतेक १५४२ साली तिथे आलेल्या संत फ्रान्सिस झेवियरच्या नावाचे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो तर २०२० मध्ये उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, साहित्य संमेलनाचे अध्यक्षच होते. २०१३ साली निवडून आलेल्या पोपनी असिसीच्या संतावरून हे नाव घेतलं; त्याआधी एकाही पोपने ते घेतलेलं नव्हतं.

नावं तिकडेही वडीलधाऱ्यांची ठेवतात. विशेषतः दक्षिणेत थोरल्याला वडिलांच्या वडिलांचं नाव द्यायची जुनी रीत. बायका मात्र लग्नानंतरही कागदोपत्री माहेरचंच आडनाव चालवतात. मुलाला आपोआप बापाचंच आडनाव लागायचं, ते २०२२ साली तिथल्या घटना न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं. आता दोघांचं लागतं, किंवा दोघांनी मिळून ठरवलं तर एकाचं. आजी, तुमच्या लेकीच्या हे कानावर घाला.

आणि एक काम करा. फ्रान्चेस्कोला घरी चेक्को, केक्को, फ्रान्को, दक्षिणेत चिच्चो असं काहीबाही म्हणतात. चिच्चोचा अर्थ गुबगुबीतही होतो! वर्गातल्या त्या तिघांना त्यांच्या आया काय हाक मारतात, ते नातवाला विचारून मला जरूर कळवा.