‘करलं’चं कौतुक करा
या आठवड्यात नेरुळच्या वंडर्स पार्कात तीनेक वर्षांची एक चिमुरडी ठणकावून सांगत होती, ‘आजी, मी करलं!’ आजी लगेच म्हणाल्या, ‘केलं म्हण.’ वाचकहो, ही चूक नव्हे, पराक्रम आहे! मोठ्यांच्या तोंडून ‘केलं’च ऐकत असूनही ती ‘करलं’ म्हणते, म्हणजे ही नक्कल नाही. ‘धरलं’, ‘भरलं’ ऐकून तिने नियम शोधला आणि बेधडक लावला. १९५८ साली अमेरिकेत भाषाशास्त्रज्ञ जीन बर्को यांनी मुलांना बनावट शब्द देऊन हेच दाखवलं: मुलं नुसते शब्द पाठ करत नाहीत, व्याकरण घडवतात. ‘केलं’ ऐकता ऐकता येईलच. टोकणं सोडा, घरच्या बोलीत, मग ती आगरी असो वा मालवणी, मुलांशी भरपूर बोला.