‘स्किन कलर’ – कुणाच्या कातडीचा?

बालवाडीत, पहिली-दुसरीत पोरींना स्वतःचं चित्र काढायला शिकवायचं, हा काय चळवळीचा विषय झाला? आपल्यातल्याच काही जणी असं विचारतात. रेशन, पाणी, दारू, मारहाण एवढं समोर असताना रंगपेट्या घेऊन कसल्या बसता? शिवाय पोरींच्या हातात आरसा देऊन त्यांना नटवं करायचं, ते वेगळंच! आक्षेप घरातले आहेत, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

आधी वर्गात काय चालतं ते बघा. कात्रजला डोंगराच्या कडेकडेने वाढत गेलेल्या वस्त्या आहेत. कुणाचं गाव मराठवाड्यात, कुणाचं सोलापूरकडे, कुणाचं थेट उत्तरेत. आया धुणंभांडी करतात, बांधकामावर जातात. त्यांच्या पोरी सावळ्या, काळ्या, गव्हाळ. वर्गात ‘मी’ काढायला सांगितलं, की बाई आधी फळ्यावर एक मुलगी काढून दाखवतात. गोल चेहरा, दोन वेण्या, लांब पापण्या, लाल ओठ, घेरदार फ्रॉक. चाळीस जणी तीच उतरवून काढतात आणि वर आपापलं नाव घालतात. मग फिकट गुलाबी खडू हातोहात फिरतो. मुलं त्याला ‘स्किन कलर’ म्हणतात. आमच्या रविवारच्या वर्गात एक सहा वर्षांची सावळी पोर हा खडू संपला म्हणून रडत बसली. शेजारी तपकिरी खडू अख्खा पडलेला. “हा घे की,” म्हटलं, तर म्हणाली, “तो झाडाच्या खोडाचा असतो.”

अमेरिकेतल्या क्रेयोला कंपनीने आपल्या अशाच खडूचं ‘फ्लेश’ हे नाव १९६२ साली बदलून ‘पीच’ केलं. आपल्याकडे २०२० साली ‘फेअर अँड लव्हली’ची ‘ग्लो अँड लव्हली’ झाली. डब्यावरची नावं बदलली, पण लग्नाच्या बाजारातली ‘गोरी हवी’ ही अट कुठे गेली? आणि रंगाआडून जातही चाचपली जाते, हे आपण जाणतोच. त्या पोरीला हे कुणी शिकवलं नाही. तिला ते कळलं.

आता पहिला आक्षेप. आपल्या शिबिरात पस्तिशीची बाई उभी राहते. “स्वतःबद्दल सांगा,” म्हटलं की नवऱ्याबद्दल सांगते, सासूबद्दल सांगते, पोरांच्या शाळेबद्दल अर्धा तास बोलते. ‘मी’ येतच नाही. ते आणायला आपली वर्षं जातात. मग सहाव्या वर्षी फळ्यावरची बाहुली ‘मी’ म्हणून तिच्या हातून गिरवून घेतात, ते आपण नुसतं बघत राहायचं? याच पुण्यात जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेने आपल्या मांग-महार माणसांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. शाळकरी मुलीने, स्वतः भोगलेलं, स्वतःच्या शब्दांत. तिला कुणी नमुन्याचा निबंध उतरवून घ्यायला लावला असता तर?

सरकारी एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना मोठी मुलं बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती नि अक्षरलेखन. घडा आणि फळं निरखून काढायची, पण मुलीने स्वतःला निरखावं असा एकही पेपर नाही.

राहिला आरसा. घरातला आरसा पोरीला टिकली सरळ करायला, पावडर लावायला आणि लोकांच्या डोळ्यांनी स्वतःला तपासायला मिळतो. जरा जास्त वेळ उभी राहिली की ओरडाही खाते. चित्रासाठी आरशात बघताना तिला मोजावं लागतं. दोन डोळ्यांत अंतर किती, भुवई कुठे संपते, कानाची पाळी चिकटलेली की सुटी. ‘छान दिसते का’ हे विचारायला तिथे सवडच नसते.

चार वर्षांची मुलं डोक्यालाच पाय फोडतात. फोडू द्या, दुरुस्त करू नका. तिच्या कागदावर ताईचा हात पडता कामा नये. सहा-सातच्या पुढे आरसा द्या. तांबडा, पिवळा आणि किंचित निळा कालवायला सांगा आणि मनगट शेजारी धरून रंग जुळवायला लावा. दोघींचा सहसा एक येत नाही. मग वर्गात जी गडबड उडते, ती ऐकण्यासारखी असते. हात अंगापेक्षा मोठे काढले तर विचारा, हात काय करतात? घरचं पाणी कोण भरतं, ते कळेल. नंबर मात्र काढू नका. स्पर्धा आली की फळ्यावरची बाहुली परत येते.

एक अवघड गोष्ट. गालावर भाजल्याचा व्रण असलेली मुलगी वर्गात असेल, तर व्रण काढायचा की नाही? काही कार्यकर्त्या ‘काढ, लाजू नकोस’ म्हणून मागे लागतात. मला ते पटत नाही. ‘झाक’ म्हणणाऱ्यांइतकीच ती जबरदस्ती आहे. चेहरा तिचा, कागद तिचा. या महिन्यात नाही काढला, पुढच्या महिन्यात कदाचित काढेल, कदाचित नाही.

बालवाडी-ताईंच्या पुढच्या प्रशिक्षणात यासाठी एक अख्खा दिवस ठेवा, आणि आधी ताईंनाच स्वतःचं चित्र काढायला लावा. आरसे प्लॅस्टिकच्या चौकटीचे घ्या, काचेच्या कडा लहान हातांना लागतात.