पहिलं लेक्चर, गायमुखचा घाट आणि ७५ टक्के

मंडळी, पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात कॉलेजला जाणारं पोर आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

गेल्या आठवड्यात आमच्या चेण्यातल्या एका मुलीचं नाव तिच्या कॉलेजच्या डिफॉल्टर लिस्टमध्ये लागलं. कॉलेजचं नाव लिहीत नाही, मुलीचंही नाही. ठाण्याला बीकॉम करते, सकाळची बॅच, पहिलं लेक्चर सातला. घरातून पावणेसहाला निघते. चेण्यापासून ठाणं काही लांब नाही हो, मोकळा रस्ता असेल तर अर्धा तास. पण घोडबंदर रोड मोकळा असतो कधी? जेएनपीटीहून गुजरातला जाणारे कंटेनर रात्रभर या रस्त्यावर रांग लावून असतात, पहाटे त्यातला एक गायमुखच्या चढावर बंद पडतो, आणि मग वरसाव्याच्या पुलापासून गायमुखपर्यंत सगळं ठप्प. घाटाचं काम निघालं की त्याहून वाईट. टीएमटीची बस येते ती भरून येते, कधी थांबतच नाही.

पोरगी मला काका म्हणते. म्हणाली, "काका, बाबांना सुट्टी नाही, तुम्ही येता का सोबत? ते पालकांना घेऊन या म्हणतात." गेलो. ऑफिसातल्या बाईंनी रजिस्टर काढलं. हजेरी ६८ टक्के. मी म्हटलं, मॅडम, ही मुलगी रोज येते, फक्त पहिलं लेक्चर चुकतं. तर म्हणाल्या, "साहेब, नियम विद्यापीठाचा आहे, सगळ्यांना सारखा आहे."

सगळ्यांना सारखा. हाच शब्द डोक्यातून जाईना म्हणून हे लिहितोय.

आधी साधा हिशोब करू. दिवसाला चार लेक्चर धरा. रोज फक्त पहिलं चुकलं तर हजेरी बरोबर ७५ टक्क्यांवर येते. म्हणजे घोडबंदर रोडवर राहणाऱ्या पोरानं बाकी एकही लेक्चर न बुडवता, सगळं नीट करूनही तो काठावरच. मग एक दिवस ताप आला, घरात लग्न निघालं, आजी आजारी पडली, की गेला खाली. ठाण्यात नौपाड्यात राहणारा मुलगा आठवड्यातून एक दिवस अख्खा घरी झोपला तरी ८० टक्के. कागदावर तो नियमित आणि पावणेसहाला बसस्टॉपवर उभी असलेली आमची पोरगी डिफॉल्टर. आजारपणासारख्या खऱ्या कारणासाठी सूट देण्याची सोय नियमात आहे, पुरावा जोडायचा. डॉक्टरचं सर्टिफिकेट मिळतं. घाटाचं सर्टिफिकेट कोण देणार? आरटीओ?

मला माहितीय, काही जण म्हणतील की पोरं गेटवर वडापाव खात बसतात, शिस्त पाहिजेच. पाहिजेच. मी पण गेटवर बसलेलोय, मला एटीकेटी लागलेली आहे, खोटं कशाला सांगू. ७५ टक्क्यांच्या नियमाला माझा विरोध नाही. माझा प्रश्न एवढाच की घड्याळ फक्त पोरांच्याच मनगटाला का बांधलंय?

कारण घड्याळाचा नियम विद्यापीठालाही आहे. किती जणांना माहितीय? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६, कलम ८९. शेवटच्या पेपरपासून ३० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करायचा, आणि काही झालं तरी ४५ दिवसांच्या आत लावायचाच. नाही जमलं तर कुलगुरूंनी उशिराची कारणं देऊन सविस्तर अहवाल कुलपतींना, म्हणजे राज्यपालांना, आणि सरकारला द्यायचा. कायदा आहे हा, नोटीस बोर्डावरचं पत्रक नाही. आता बघा. पोरानं ७५ टक्के भरले नाहीत तर परीक्षेला बसता येत नाही, सहा महिने गेले. विद्यापीठानं ४५ दिवस पाळले नाहीत तर काय होतं? एक अहवाल लिहिला जातो. तो तुम्ही आम्ही कधी वाचलाय?

आणि उशीर म्हणजे काय असतो ते मुंबई विद्यापीठानं २०१७ ला दाखवलं. आठवतंय ना? उत्तरपत्रिका स्कॅन करून कॉम्प्युटरवर तपासायच्या ठरलं, ऑनस्क्रीन मार्किंग. कल्पना वाईट नव्हती, अजिबात नव्हती. पण सतरा लाखांवर उत्तरपत्रिका, सगळ्या विद्याशाखा, एकाच उन्हाळ्यात, नीट चाचणी न घेता. प्राध्यापकांना लॉगिन होईना, स्कॅन केलेली पानं दिसेनात. राज्यपाल विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही हुकली. सप्टेंबर उजाडला तरी निकाल लागतच होते. परदेशात प्रवेश मिळालेल्यांच्या हातात मार्कशीट नाही, नोकरी लागलेल्यांना कंपनी विचारतेय पासचा कागद कुठे. शेवटी २४ ऑक्टोबर २०१७ ला कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून काढलं.

एक माणूस गेला. पण ज्या पोरांचं वर्ष गेलं त्यांना काय मिळालं? परीक्षेची फी परत? नाही. विद्यापीठाच्या चुकीमुळे प्रवेश हुकला असं लिहिलेला एखादा कागद? तोही नाही. ज्याला गुण पटले नाहीत त्यानं पुनर्मूल्यांकनाचे पैसे परत स्वतःच्याच खिशातून भरायचे. चूक त्यांची, पावती आपल्या नावाची.

आता गुणांकडे येतो. २०११-१२ ला क्रेडिट आणि ग्रेडिंग आलं तेव्हा सांगितलं गेलं की एकेका मार्कासाठीची जीवघेणी स्पर्धा संपेल. तेव्हा सात गुणांची श्रेणी होती, ७० च्या वर सगळे 'ओ'. मग २०१६-१७ च्या बॅचपासून दहाची श्रेणी आली, 'ओ' साठी ८० लागायला लागले. त्या दहाच्या श्रेणीत ६० पासून ६९.९९ पर्यंत सगळ्यांना 'ए', म्हणजे ८. ७० झाले की 'ए प्लस', म्हणजे ९. थोडा विचार करा. ६० आणि ६९, नऊ मार्कांचं अंतर, किंमत शून्य. ६९ आणि ७०, एका मार्काचं अंतर, किंमत एक अख्खा ग्रेड पॉइंट. मग एका मार्काची स्पर्धा संपली की वाढली? आणि एवढं करून पोरगं नोकरीच्या फॉर्मसमोर बसतं तेव्हा तिथे रकाना काय असतो? टक्केवारी! मग सायबर कॅफेवाला सांगेल त्या सूत्रानं गुणाकार. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, एकाच वर्गातल्या दोन मुलांनी दोन वेगळ्या सूत्रांनी टक्के काढले होते.

पॅटर्नची तर गंमतच. आधी ६०:४०. मग ७५:२५. मग बऱ्याच अभ्यासक्रमांना पूर्ण १०० ची लेखी. आता नवीन शैक्षणिक धोरणात फिरून परत ६०:४०. दहा-बारा वर्षांत गाडी निघाली तिथेच येऊन थांबली आणि मधल्या मधे जी पोरं होती त्यांच्या एटीकेट्या जुन्या पॅटर्नच्या राहिल्या. तिसऱ्या वर्षाचे सगळे पेपर सुटले तरी पहिल्या वर्षाचा एक विषय राहिला तर शेवटच्या सेमिस्टरचा निकाल राखून ठेवतात. पदवी नाही. आमच्या ओळखीत असे दोघे आहेत, एक डिलिव्हरीचं काम करतो, एक काजूपाड्याला गॅरेजवर आहे. विचारलं तर म्हणतात, बारावी. तीन वर्षं कॉलेज करून बारावी!

७५:२५ मध्ये लेखीला ३० आणि अंतर्गतला १० असे दोन्हीकडे वेगवेगळे पास व्हावं लागायचं. लेखीत ५५ काढले आणि अंतर्गतमध्ये ९, की नापास. लेखीचं निदान झेरॉक्स मागता येतं, पुनर्मूल्यांकनाला टाकता येतं. अंतर्गतचं काय मागणार? प्रोजेक्ट दिला होता त्या दिवशी बस चुकली, मॅडम म्हणाल्या उद्या घेणार नाही, संपलं. आता अंतर्गतचा वाटा परत ४० वर गेला म्हणून हे सांगतोय. चांगल्या शिक्षकाच्या हातात हे ४० मार्क म्हणजे पोराला उभं करायचं साधन आहे, असे शिक्षक मला भेटलेत. पण नियम चांगल्या शिक्षकाच्या भरवशावर करायचे नसतात.

आणि आता धोरणातली 'एक्झिट'. आपल्याकडे संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून हे सुरू झालंय. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलात तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. परत यायची मुभा. ऐकायला छान वाटतं. हातात काहीच नसण्यापेक्षा एक कागद असणं बरं, हेही मान्य. पण कोण पडणार बाहेर पहिल्या वर्षानंतर? दक्षिण मुंबईतलं पोर पडणार आहे का? आपल्या पाड्यावरची मुलगी पडणार, जिच्या घरी लग्नाचं बोलणं सुरू झालंय. ज्याचा बाप आजारी पडला तो पडणार. आत्तापर्यंत याला गळती म्हणत होते, निदान सरकारला लाज वाटायची. आता तीच गळती 'एक्झिट' म्हणून मोजली जाईल. त्यातही गंमत अशी की ते सर्टिफिकेट नुसतं वर्ष पास होऊन मिळत नाही, त्यासाठी आणखी चार क्रेडिटचं काम करावं लागतं. घर चालवायला जो शिक्षण सोडतोय त्याला सांगायचं, थांब, आधी चार क्रेडिट कर!

तर मागणं काय? हवेतलं काही मागत नाही.

घोडबंदर रोडवरच्या, म्हणजे चेणे, काजूपाडा, वरसावे, घोडबंदर या पट्ट्यातल्या मुलांचं पहिलं लेक्चर उशिरा आल्यामुळे चुकत असेल तर ते हजेरीतून कापू नका, कॉलेजच्या पातळीवर एवढं तारतम्य वापरता येतं. ज्या वर्षी निकाल ४५ दिवसांवर जाईल त्या वर्षीचा तो अहवाल विद्यापीठानं वेबसाइटवर टाकावा आणि त्या परीक्षेची फी परत करावी. पुनर्मूल्यांकनात चूक विद्यापीठाची निघाली तर त्याचेही पैसे परत. पोरगं ज्या पॅटर्नमध्ये आत आलं त्याच पॅटर्नमध्ये त्याला बाहेर पडू द्या. आणि एक, विद्यापीठाचं ठाणे उपकेंद्र बाळकुमला आहे, आपल्या जिल्ह्यातल्या मुलांची निकालाची, उत्तरपत्रिकेची, तक्रारीची सगळी कामं तिथेच व्हावीत. एका स्पेलिंगच्या दुरुस्तीसाठी चेण्यातून काशीमीरा, तिथून मीरा रोड स्टेशन, लोकलनं सांताक्रूझ, मग कलिनाला फुले भवनच्या खिडकीसमोर, आणि तिथे लंच टाइम. त्या दिवशीची चारही लेक्चर गेली. ती हजेरी कोण देणार?

आता काम. मला नुसती हळहळ नको. या पट्ट्यातल्या ज्या मुलामुलींची नावं डिफॉल्टर लिस्टमध्ये आहेत त्यांनी एक महिना वहीत लिहा: घरातून किती वाजता निघालो, बस किती वाजता आली, कॉलेजात किती वाजता पोचलो. बसचं तिकीट फेकू नका, त्यावर वेळ छापलेली असते. वही भरली की मला आणून द्या, मी संध्याकाळी सातनंतर घरीच असतो. सगळ्यांचं मिळून एक निवेदन करू, एक प्रत त्या त्या कॉलेजच्या प्राचार्यांना, एक बाळकुमला. पालकांच्या सह्या लागतील, बाबांना सुट्टी नसेल तर आईची चालेल.

आमच्या पोरीची वही सोमवारपासून सुरू झालीय. पहिल्या दिवसाची नोंद अशी आहे: निघाले ५:४५, बस ६:२०, गायमुखला थांबलो ६:३५ ते ७:१०, कॉलेज ७:५०. गेटवरच्या काकांनी विचारलं, आज पण?