नोकरी सांभाळून मध्यस्थी

विरारहून पहाटेच्या गाडीनें चर्चगेटास जाणारा व दिवे लागल्यावर परतणारा तरुण वेतनाला कांहीं जोड असावी अशी इच्छा धरतो, यांत नवल नाहीं. पूर्वीं तो शिकवण्या धरी किंवा विम्याचें काम करी. अलीकडे घरांची दलाली करावी असें त्यास वाटूं लागलें आहे. वसई, नालासोपारा, विरार या टापूंत जिकडे पाहावें तिकडे इमारती उठत आहेत, आणि कचेरींतील दहा सोबत्यांत दोघे तरी घर शोधीत असतात. प्राचीन शूर्पारकाच्या या भूमीस व्यापार कांहीं नवा नाहीं! परंतु या धंद्याविषयीं जो तो प्रथम विचारतो तें एवढेंच कीं, दलाली किती सुटते? आमच्या मतें हा प्रश्न शेवटचा असावा.

प्रथम स्वतःचें नेमणूकपत्र काढून वाचावें. सरकारी नोकरांस केंद्राचे १९६४ चे किंवा महाराष्ट्राचे १९७९ चे वर्तणूक-नियम लागू असतात, व त्यांप्रमाणें पूर्वपरवानगीवांचून खाजगी धंदा करतां येत नाहीं. "मग पत्नीच्या नांवानें करूं," असें चतुर लोक म्हणतात. परंतु पत्नीच्या अशा धंद्यासाठीं आपण गिऱ्हाइकें गोळा करणें हाही नियमभंगच मानिला आहे. ती गृहिणी खरोखर स्वतःच्या हिंमतीनें धंदा करीत असेल तर गोष्ट निराळी, आणि तिनें तो कां करूं नये? पतिराजांनीं आपल्या कचेरीस तसें कळवावें व बाजूस राहावें. खाजगी नोकरी असेल तर परवानगी लेखी घ्यावी. साहेब बदलला कीं तोंडी होकाराला किंमत राहत नाहीं.

त्यानंतर नोंदणी. स्थावर संपदेचा अधिनियम २०१६ सालचा असून महाराष्ट्रांत महारेराची नोंदणी मे २०१७ पासून सुरू झाली. नोंदलेल्या प्रकल्पांतील घर विकून द्यावयाचें तर दलालाचीही नोंदणी लागते. ती नसल्यास दर दिवसास १० हजार रुपये, आणि तो वाढत वाढत घराच्या किंमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत, दंड होऊं शकतो. २०२३ मध्यें महारेरानें प्रशिक्षण व परीक्षाही आवश्यक केली. जन्मभर परीक्षा घेतलेल्या आम्हांस ही तरतूद विशेष प्रिय वाटली, हें सांगावयास नकोच.

आतां मुख्य गोष्ट. दलाल हा शब्द अरबी; त्याच्या धातूचा अर्थ वाट दाखविणें असा आहे. आपला संस्कृत शब्द मध्यस्थ. मध्यस्थ म्हणजे केवळ मधें उभा असलेला नव्हे. ज्याचा कल कोणत्याच बाजूस नाहीं, असाही त्याचा अर्थ होतो. आतां ज्याची चूल दलालीवर पेटते, त्यानें महिनाअखेर कल न धरणें कठीण आहे. त्यास दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. नोकरदाराचें तसें नाहीं. त्याचें धान्य पहिल्या तारखेस घरांत येतें. म्हणून "हें घर घेऊं नका" असें तो गिऱ्हाइकास सांगूं शकतो. या धंद्यांत त्याचें भांडवल तें हेंच. अनुभव दुसऱ्यांपाशीं अधिक आहे, वेळही अधिक आहे.

आणि असें सांगणारा मनुष्य येथें किती हवा आहे! नालासोपारा पूर्वेस मैलापाणी-प्रकल्प व कचराभूमीसाठीं राखून ठेवलेल्या जागेवर अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या होत्या. न्यायालयाच्या आदेशानें त्यांपैकीं ४१ इमारती २०२४-२५ मध्यें पाडल्या गेल्या, आणि सुमारें अडीच हजार कुटुंबें बेघर झालीं. त्या घरांकडे बोट दाखवून "घ्या" म्हणणारा कोणी तरी होताच.

म्हणून कागद वाचावयास शिकावें. सातबारा, बिनशेती आदेश, बांधकामाचा परवाना, भोगवटा प्रमाणपत्र हे मूळ स्वरूपांत पाहावे. महारेराचा क्रमांक जाहिरातींत छापला आहे एवढ्यावर थांबूं नये. कल्याण-डोंबिवलींत खोट्या परवान्यांच्या आधारें ६५ इमारतींनीं तो क्रमांकही मिळविल्याचें २०२२ मध्यें उघड झालें. परवाना खुद्द महापालिकेंतच पडताळावा. तारखेकडेही लक्ष असावें. आपली महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजीं जन्मली. तत्पूर्वीं १९९० पासून येथील नियोजन सिडकोकडे होतें. तेव्हां २००६ सालचा परवाना महानगरपालिकेच्या शिक्क्याचा निघाला, तर पुढें कांहीं विचारावयास नको.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पहिलें गिऱ्हाइक म्हणजे त्याचा सख्खा मामा. घर प्रशस्त, किंमत कमी, परवान्याची मात्र छायाप्रतच. त्यानें मूळ कागद दोनदां मागितला, तिसऱ्यांदा "तुम्हांला दलाली नको का?" असें उत्तर आलें. त्यानें मामांस घर घेऊं दिलें नाहीं. मामा रुष्ट झाले. वर्षभरानें दुसऱ्याच दलालाकडून वसईस घर घेऊन मोकळे झाले. भाच्यास पैही मिळाली नाहीं. पण मामींनीं शेजारणीची जागा भाड्यानें देण्याचें काम त्याच्याकडे धाडलें, व त्याच्या धंद्याचा खरा आरंभ तेथून झाला.

नवशिक्यानें भाड्याच्या कामापासूनच सुरुवात करावी, असें आम्हांसही वाटतें. दलाली बहुधा एका महिन्याच्या भाड्याएवढी. परंतु लहान कामांत हात बसतो. अकरा महिन्यांचा करार असला तरी १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें तो लेखी व नोंदणीकृत असावा लागतो, हें घरमालकास पटविण्यांतच निम्मी शक्ति खर्च होते. खरेदीचें काम आल्यास, करार नोंदविण्यापूर्वीं किंमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकास घेतां येत नाहीं, हें गिऱ्हाइकास आधींच सांगून ठेवावें.

वेळेचा हिशेब ज्याचा त्यानें मांडावा. घरें दाखविण्यास रविवारची सकाळ पुरते. कचेरींत असतां गिऱ्हाइकांचे दूरध्वनि घेऊं नयेत. संध्याकाळीं सातनंतर बोलूं, असें प्रथमच सांगितल्यास कोणी रागावत नाहीं. महापालिकेंतील चौकशीस मात्र कामाचाच दिवस लागतो. तेव्हां वर्षाच्या किरकोळ रजांपैकीं चार-पांच त्यासाठीं वेगळ्या काढून ठेवाव्या लागतील, आणि गणपतींत गांवीं जावयाचें असेल तर त्या कोणत्या, तें घरांत आधींच विचारून घ्यावें.