बोहारणीने नाकारलेले गाठोडे

वाचकभगिनींनो, दिवाळीची झाडलोट आटोपली ना? माळ्यावरच्या ट्रंका उघडल्या, फडताळे रिकामी केली आणि शेवटी दाराशी एक भलेमोठे गाठोडे उरले, असेच तुमच्याकडेही झाले असणार. या गाठोड्याचे काय करायचे, हे सांगण्याचे काम दरवर्षी माझ्याकडे असते. गेल्या खेपेला कागदाच्या लगद्याच्या टोपल्या झाल्या. (त्या वाळताना तडकल्या, अशी बऱ्याचजणींची तक्रार! कागद निदान दोन दिवस भिजू द्या, आणि मेथीचे पीठ घालताना हात आखडू नका, एवढेच पुन्हा सांगते.) यंदा मात्र दुसऱ्यांना शहाणपण शिकवण्याआधी माझीच एक चूक सांगते.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर, ऐन दुपारी, बोहारीण आली. हल्ली बोहारणी पूर्वीसारख्या रोज दिसत नाहीत, पण परभणीच्या आमच्या गल्लीत एक अजून येते. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत कपड्यांचे बोचके. तिच्या पाटीतले एक झाकणाचे पातेले माझ्या मनात भरले. दोन विजारी, तीन सदरे आणि एक विटकी साडी पुढे ठेवली, तरी बाईंचे समाधान होईना. मग मी ट्रंकेतली आईची जुनी वाकळ काढून त्या ढिगावर टाकली. कड फाटलेली, टाके उसवलेले, जागोजाग दोरे लोंबत होते. बोहारणीने ती हातावर तोलली, उलटीपालटी केली आणि बाजूला सारली.

"हे नको बाई. तुकड्याच्या मालाला कोन इचारतं? एक चांगली साडी टाका."

मी साडी टाकली आणि पातेले घेतले. वाकळ ओसरीवर तशीच पडून राहिली. संध्याकाळी ती उचलायला वाकले, तेव्हा फाटक्या कडेतून आतला खाकी कपडा डोकावला. वडिलांचा सदरा! एका पातेल्यापायी मी काय देऊन बसले होते! ती घरात राहिली ती बोहारणीला नको होती म्हणून. माझ्या शहाणपणाने नव्हे.

ही वाकळ येलदरीची. माझे वडील धरणाच्या कामावर कारकून होते. पूर्णा नदीवरचे हे मातीचे धरण १९६८ साली पुरे झाले. तोवरची पाच-सहा वर्षे आमचा संसार तिथल्या वसाहतीत होता. आज पर्यटक भिंतीवर उभे राहून पाणी आणि वीजघर पाहतात. आम्हा मुलांना आठवते ती धूळ, मजुरांच्या पालांतून निघणारा धूर आणि रात्रीची थंडी. परभणीकडच्या थंडीची थट्टा करू नका, भगिनींनो! पौषात पहाटे माठातले पाणी हाताला चावते. विकतची रजई कारकुनाला परवडणारी नव्हती, आणि पालातल्या बायकांना तर तिचे नावही काढता येत नव्हते. मग चिंध्यांचीच वाकळ व्हायची.

आई नागपूरकडची. तिला शिवण येत होते, पण ते मशीनवरचे. वाकळ तिने शिकली ती पालातल्या एका तरण्या मजूरबाईकडून. ती दिवसभर मातीच्या पाट्या वाही आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या अंगणात येऊन बसे. आम्ही मुले तिला मावशी म्हणत असू.

आता कृती सांगते. गोधडी, वाकळ, लेपडे, अशी गावागणिक नावे निराळी, काम एकच. प्रथम सगळे जुने कपडे उसवा. गुंड्या, हुक, नाडीचे नेफे काढून घ्या. (गुंड्या डब्यात, बरे का, त्या फेकणाऱ्या बाईवर माझा भरवसा नाही.) कपडे सोड्याच्या कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. ओल राहिली तर वाकळीला कायमचा कुबट वास धरतो. सारवलेल्या अंगणात किंवा फरशीवर तळाचे लुगडे ताणून पसरा आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवा. त्यावर आतला भरणा : धोतराचे पाने, सदऱ्यांच्या पाठी, परकर. तुकडे एकमेकांवर चढवून लावा, म्हणजे मध्ये पोकळी राहत नाही. फार जाड शिवणी कापून टाका, नाहीतर सुई अडते. वर दुसरे लुगडे अंथरा. आता लांब कच्चे टाके घालून सगळे थर बांधून घ्या, आणि मग कडेपासून धावदोरा सुरू करा. चारी बाजूंनी फेरा घालत घालत आत यायचे, दोन फेऱ्यांत दोन बोटांचे अंतर, आणि शेवट मध्यभागी. बाहेरून आत येण्याचे कारण असे, की कापड एका बाजूला सरकत नाही आणि चौघी चार बाजूंना बसून शिवू शकतात. कडेला लुगड्याचा काठ दुमडून लावला की फाटण्याची भीती कमी. कड आधी झिजते, हे माझ्या वाकळीनेच दाखवून दिले.

एक सांगायलाच हवे. लुगडी सुती हवीत. आज आपल्या कपाटांत पॉलिएस्टर आणि नायलॉनचीच गर्दी आहे. त्यातून सुई सटकते, घाम शोषला जात नाही आणि ऊबही दमट लागते. अशा साड्यांच्या पट्ट्या फाडून तिपेडी वेणी घाला, ती गोल वळवून टाचा. पायपुसणे छान होते आणि वर्षानुवर्षे टिकते. मऊ सुती धोतर उरलेच तर त्याच्या वाती वळा. बैलजोडी असलेल्या घरी जाड तुकड्यांची पोळ्यासाठी झूल होते. डोक्यावर घागर घेणे आता राहिले नाही, त्यामुळे चुंबळीचे वर्णन वगळते.

आणि याला गरिबाचे काम म्हणून नाक मुरडू नका. बंगालच्या बायका जुन्या साड्यांच्या काठांतले रंगीत दोरे उपसून कांथा भरत. कर्नाटकात हल्याळ-येल्लापूरकडच्या सिद्दी बायका आपल्या कवंदीच्या कोपऱ्यांवर रंगीत फुले शिवतात. फुलांवाचून ती त्यांना उघडी वाटते. जपानातल्या गरीब शेतकऱ्यांचे ठिगळांवर ठिगळे लावलेले कपडे आता संग्रहालयांत काचेआड ठेवले आहेत. आणि आपल्याकडे? अंगावर चिंध्यांची गोधडी पांघरून गावोगाव झाडू मारणाऱ्या गाडगे महाराजांना (१८७६–१९५६) लोक गोधडे महाराज म्हणत. त्या गोधडीला कोणी हसले नाही.

असो. खाकी सदरा दिसला, तेव्हा मी वाकळ उसवायला बसले. वाटले होते, चांगले तेवढे तुकडे काढून नवी करावी. पहिल्या थराखाली माझा शाळेचा निळा झगा निघाला. त्याखाली आईच्या इरकली लुगड्याचा पदर, त्याच्या मधोमध दंड घातलेला. लुगडे मध्ये विरले की ते कापून कडेचे भाग मध्ये जोडायचे, म्हणजे आणखी दोन वर्षे नेसता येते. ते दंड घालणे आजच्या मुलींना ऐकूनही ठाऊक नसेल. अगदी आत, मधोमध, सिमेंटच्या गोणपाटाचा एक धुतलेला तुकडा होता. तेव्हा सिमेंट तागाच्या गोण्यांतून यायचे. तो तुकडा मावशीने घातलेला, हे मला लख्ख आठवले, कारण त्यावरून आई आणि ती भांडल्या होत्या. आई म्हणे, टोचेल. मावशी म्हणे, ऊब धरील. दोघींचेही खरे ठरले.

पुढे हात चालेना. सगळे पुन्हा गुंडाळले आणि जिंतूरमार्गे एस.टी.ने येलदरी गाठली.

मावशी आहेत. आता ऐंशीच्या पुढे. धरण झाले, पाले उठली, पण त्या तिथेच राहिल्या. गाठोडे सोडताच त्यांनी वाकळीवरून हात फिरवला आणि गोणपाटापाशी थांबल्या.

"उसवलीस कशाला गं पोरी? जुनी वाकळ उसवीत नसत्यात. तशीच आत घालायची, वरून नवं लुगडं. तिच्या आतबी एक जुनीच हाय बघ. तुझ्या आईनं आणली व्हती."

मी पाहिले. गोणपाटाखाली खरोखरच एका लहान दुपट्याचे अवशेष होते, बोटभर रुंदीचे टाके घातलेले. माझे की माझ्या थोरल्या भावाचे, ते सांगायला आता कोणी नाही. आईने मला त्याविषयी कधी अक्षर सांगितले नव्हते.

मावशींना सुईत दोरा ओवता येत नाही. नात ओवून देते, आणि टाके त्या बोटांनी चाचपून घालतात; सरळ येतात, माझ्यापेक्षा सरळ. मी मजुरी विचारली. त्या हसल्या. "तुझ्या आईनं जवारी दिली व्हती." नात मात्र हसली नाही. तिने हिशेब मांडला : दोघी बसल्या तर नऊ-दहा दिवस, आणि तेवढे दिवस शेतातला रोज बुडतो. शहरातले गिऱ्हाईक हजारांनी गोधडी घेते, आणि शिवणारीला विचारते, जुन्या चिंध्यांचे एवढे पैसे कसे?

खरे सांगते, तो प्रश्न माझ्याही ओठांवर आला होता. पातेल्यासाठी घासाघीस करणारी जीभ ती! शेतमजुरीचा रोज गुणिले दिवस, असा हिशेब मी मुकाट्याने मान्य केला. तुम्हीही कोणाकडून गोधडी शिवून घेणार असाल, तर कपडा जुना असला तरी दिवस नवे असतात, हे धरून भाव ठरवा.

सूनबाईंचा प्रश्न वेगळाच होता : "आई, ही धुवायची कशी? मशीनमध्ये मावेल का?" नाही मावणार. घटस्थापनेआधी येलदरीच्या बायका वाकळी पूर्णेवर नेऊन आपटत आणि काठावरच्या खडकांवर पसरत. सगळा काठ रंगीबेरंगी होई. आपण गच्चीवर पाय देऊन धुवावी, पिळू नये, दोघींनी धरून उन्हात टाकावी.

यंदा फाल्गुनात सूनबाई बाळंत व्हायची आहे. थोरली वाकळ आत आणि वर माझे एक मऊ सुती लुगडे, असे काम सुरू आहे. उरलेल्या तुकड्यांचे दुपटे. गोणपाट काढू का, असे मी मावशींना विचारले. त्या म्हणाल्या, राहू दे, आता त्याच्यावर चार थर आहेत, टोचणार नाही. मध्याकडचे सहा फेरे बाकी आहेत. तिकडचा दोरा तुटतो म्हणून त्यांनी पांढऱ्या जाड दोऱ्याच्या दोन रिळी मागवल्या आहेत; भाऊबीज झाली की त्या घेऊन मी पहिल्या गाडीने निघते.