हातातील दगड

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यास जाम नदीच्या पात्रात गोटमार भरते. एका तीरी पांढुर्णा, दुसऱ्या तीरी सावरगाव, मध्ये पळसाचे झाड व त्यावर निशाण; आणि दोहोंकडून दगडांचा वर्षाव. दरवर्षी अनेकांची डोकी फुटतात. शेजाऱ्यांच्या प्रथेचा न्याय करणे हे आमचे काम नव्हे. परंतु दगड भिरकावील तोच मर्द, असे आमच्या सौंसरकडील तरुणांसही वाटू लागले, तर आम्ही त्यांस संत योहानाच्या शुभवर्तमानातील 8 वा अध्याय उघडावयास सांगू.

तेथेही पुरुष दगडमार करावयास सिद्ध झाले होते. पापात धरलेली स्त्री मध्ये उभी होती. जो निष्पाप असेल त्याने आरंभ करावा, एवढेच प्रभू येशू बोलला. मग एकेक जण निघून गेला, आणि प्रथम गेले ते वडीलधारे.

संत योसेफासही मरियेला लोकांपुढे उभी करता आली असती. परंतु तो नीतिमान होता, म्हणून तिची अब्रू त्याने झाकू पाहिली, असे संत मत्तय सांगतो.

बंधूंनो, आपल्या घरातील दगड म्हणजे आपले शब्द. संत्र्याचा भाव पडतो, पऱ्हाटी बुडते, आणि ते दगड पत्नीमुलांवर पडतात. आज जपमाळेनंतर घरच्या कर्त्या पुरुषाने हा अध्याय 11 व्या ओवीपर्यंत मोठ्याने वाचावा, आणि आपली मूठ प्रथम उघडावी. वडील माघारी वळले, म्हणजे धाकट्यांस वाट दिसते.